लवू गुरवाचा अंगठा

"देव खोटा बोलना नाय! आभाळ कोसळात, दर्या आटात, पण ह्या पाषाणातसून खोटो शब्द भायर येवचो नाय!"

असं लवू गुरवाने सभामंडपाच्या शेवटच्या खांबाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, आणि देवाच्या डाव्या अंगावरच्या पाकळीवर ओला अंगठा जरा जास्तच वेळ दाबून धरला.

गाभाऱ्यात अंधार होता. देवाकडे तोंड आणि माणसांकडे पाठ, ही गुरवाची पिढीजात जागा. मागून बघणाऱ्यांना लवूची शेंडी, कमरेचा पंचा आणि समईची वात एवढंच दिसायचं. अंगठा फक्त देवाला दिसायचा, आणि देवाने त्याबद्दल आजवर कुणाकडे तक्रार केली नव्हती.

मालवणपासून सहा मैलांवरच्या आडोळी गावात रवळनाथाचा कौल घेतल्याशिवाय कुणी विहीर खणत नसे, सोयरीक करत नसे, की आजाऱ्याला घराबाहेर काढत नसे. पद्धत सोपी होती. तांबड्या पिटकोळीच्या फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणावर चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग देवाला प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. कोरडी पाकळी लवकर सुटते आणि ओली उशिरा, हे शास्त्र लवूला ठाऊक होतं. ते त्याने कुणाला शिकवलं नाही, कारण इथे काही शास्त्र आहे हे कुणाला कळूनच चालणार नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!" लवूने गाऱ्हाणं सुरू केलं. "मधल्या वाडयेतली हौसाबाय आज आपल्या नातीक घेवन तुझ्या पायांकडे इली हा…"

"व्हय म्हाराजा," बाहेरून हौसाबाईचा आवाज आला.

"पोराच्या पायांक जा काय झाला हा, तेच्यार उपाय करूक बेळगावच्या इस्पितळात न्हेवचा असा तुझ्या मनात आसात, तर उजवो कौल दी. आणि घरातच अंगारो लावन आयुष्यभर पडान ऱ्हवांदे असा मनात आसात, तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," हौसाबाई म्हणाली. पण या खेपेला जरा थांबून. प्रश्न कसा विचारला जातो आहे हे कळण्याइतकी ती बाई हुशार होती. मधल्या वाडीतल्या तीन माडबागा आणि एक सून, एवढ्यांचा कारभार ती एकटीने बघायची. मुलगा बोटीवर खलाशी होता. त्याचं पत्र आलं की त्यावरचं तिकीट कुठल्या देशाचं हे पोस्टमनला विचारावं लागे.

सून सुगंधा खांबाला टेकून उभी होती. तिच्या पदरात चाळीस दिवसांची मुलगी. पोर अंगाने चांगलं गुटगुटीत, डोळे टपोरे. पण दोन्ही पावलं घोट्यातून आत वळलेली. तळवे एकमेकांकडे बघत होते. नमस्काराला हातांऐवजी पाय जोडून जन्माला आली होती बिचारी.

याचं कारण हौसाबाईने पहिल्याच दिवशी ग्रहणात शोधून काढलं होतं. "गिराणात ही पाय दुमडून बसली. मी सांगलंय होतंय, आडवी पड म्हणान. पण नाय. सुकी सुंगटां निवडत बसली. मगे पोराचे पाय दुमडतले नाय तर काय जातले?"

सुगंधाने यावर चाळीस दिवसांत एकदाही उत्तर दिलं नव्हतं. तिलाही ते खरंच वाटत होतं.

उजवी पाकळी सुटली. पाषाणावरून हळूच घसरली आणि देवाच्या पायाशी पडली.

"उजवो!" लवू म्हणाला.

हे असं गेली पाच वर्षं चाललं होतं, आणि त्याला जबाबदार होता दत्ताराम.

दत्ताराम हा देवी काढणारा, म्हणजे सरकारी लस टोचणारा. खाकी अर्धी विजार, सायकल आणि कातडी पिशवीत सुई. तो वाडीच्या तोंडाशी दिसला की पोरं माडावर चढत आणि बायका उरलेल्यांना मागच्या खोलीत लपवत. दत्तारामही चिवट, तो थेट मागच्या खोलीपर्यंत जायचा. आणि तिथे गेलं, की आज लपवलेल्या पोरांच्या शेजारी आधीच लपवलेलं एखादं पोर सापडायचं. तापात पाय गेलेलं. चार वर्षांचं झालं तरी न बोलणारं. मान न धरणारं. गावाने ज्यांना बारशानंतर कधी पाहिलं नव्हतं अशी पोरं दत्तारामला नावानिशी माहीत होती.

तो गप्प बसायचा नाही. सावंतवाडीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचार, बेळगावला बदलून गेलेल्या नर्सला कार्ड घाल, असं करून तो माहिती काढायचा. कुठे हाडांचा डॉक्टर बसतो, कुठल्या वारी बसतो, कुठे बहिऱ्या पोरांची शाळा निघाली आहे. सगळं पाठ. फक्त ऐकणारं कुणी नव्हतं.

"माझा कोण आयकता, लवू?" तो देवळाच्या पायरीवर बसून म्हणायचा. "माका बगल्यार कुत्रीसुदीक मागल्या दारान जातत. मी इस्पितळाचा नाव काडलंय की म्हणतत, तू सुयेचो माणूस, तुका काय कळता? देवाक इचारतलंव म्हणतत."

"मगे इचारांदेत."

"आणि देवान नको म्हटल्यान तर?"

त्या दिवशी लवू समईची वात सारखी करायला आत गेला. दुसऱ्या दिवशी सुताराची विमला तिच्या तापात पाय गेलेल्या मुलाला घेऊन आली, आणि रवळनाथाने उजवा कौल दिला. लवूने आयुष्यात पहिल्यांदा अंगठा वापरला.

तेव्हापासून आडोळीचा देव फार तपशिलात बोलू लागला. इतर गावांचे देव 'होईल' किंवा 'नाही' एवढंच सांगत. आडोळीचा रवळनाथ म्हणायचा की सोमवारची पहिली गाडी धरा, सावंतवाडीला बदला, आंबोलीच्या घाटात थंडी वाजते तेव्हा पोराला गोधडी घ्या. बेळगावच्या स्टँडासमोर चहाचं दुकान आपल्या कट्टा गावच्या माणसाचं आहे, तो इस्पितळाचा रस्ता दाखवील. डॉक्टर मंगळवारी बसतो. कागदावर कुणी अंगठा घ्यायला आला तर भिऊ नका. एसटीचं वेळापत्रक बदललं की पुढच्या कौलात देवही वेळ बदलायचा.

विमलाचा मुलगा लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून खडखडत परत आला आणि आता काजू चोरण्याइतपत पळत होता. बहिरी एक मुलगी घाटावरच्या शाळेत गेली. पण राधाबाईच्या नातीचे डोळे मात्र गेले ते गेलेच. डॉक्टर म्हणाला, सहा महिने आधी आणायला हवी होती. राधाबाई परत आली, देवासमोर नारळ ठेवला, काहीही न विचारता बराच वेळ बसली आणि उठून गेली. तिने देवाला बोल लावला असता तर लवूला बरं वाटलं असतं.

या पोरीची बातमीही दत्तारामनेच आणली होती, काल सकाळी.

"चाळीस दिसांचा आसा," तो म्हणाला होता. "आता न्हेला तर नुसता प्लास्टर. दर आठवड्याक थोडो थोडो पाय सरळ करून परत प्लास्टर. हाडां मेणासारी असतत. वर्सान न्हेला तर कापूचा लागतला. आणि त्याच्यापेक्षा उशीर झालो तर…"

"ठावक आसा," लवू म्हणाला.

दत्तारामने जीभ चावली आणि सायकलच्या साखळीला तेल आहे की नाही ते बघू लागला.

"उजवो कौल इलो," लवू आता गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन म्हणाला. "सुगंधा, आयक. सोमवारची पयली गाडी. सावंतवाडीक उतराचा—"

"रव," हौसाबाई म्हणाली.

तिने पदर खोचला. हौसाबाईने पदर खोचला की माडावरचा पाडेकरीसुद्धा खाली बघत असे.

"माका एक सांग, लवू. गेल्या पाच वर्सांत तुझ्या देवान तीन पोरां घाटार धाडल्यान. एकाक म्हणान डावो देवक नाय. देवाचो यष्टीवाल्यांवांगडा काय करार आसा?"

"काकी, देवाच्या मनातला आपण काय सांगूचा?"

"तू नाय सांगूचा तर कोणी? तुझो बापूस सांगी, आजो सांगी. तुझ्या बापाशीच्या वेळेक चारातले तीन डावे पडत. आता बगूचा तेवा उजवो! देवाक उतारवयात येवडी दया खंयसून इली?"

लवू हसला. हसण्याचा त्याला चांगला सराव होता. देवळात माणसं रडत येतात, त्यामुळे गुरवाला हसता यावं लागतं.

"आणि दुसरा," हौसाबाई म्हणाली, आणि तिने सभामंडपाच्या कोपऱ्याकडे मान वळवली.

कोपऱ्यात लवूची मुलगी शेवंती हार ओवत बसली होती. पंधरा वर्षांची. पाय तिने नेहमीसारखे परकराखाली घेतले होते. तिच्यापासून दोन हातांवर तिची आई रुक्मिणी चिंच लावून समया घासत होती.

"ह्या चेडवाचे पाय असेच ना? हुबेहूब? मी बारशाक इललंय. माझ्या डोळ्यांनी बगलंय. मगे हेका कित्याक नाय धाडल्यान देवान बेळगावाक? तवा यष्टी नव्हती म्हणान? का गुरवाच्या चेडवाक एक देव आणि आमच्या चेडवाक दुसरो?"

चिंचेचा समईवर घासण्याचा आवाज थांबला.

पंधरा वर्षांपूर्वी हाच गाभारा, हाच पाषाण. रुक्मिणी उंबऱ्याबाहेर तीन महिन्यांची शेवंती घेऊन उभी होती. दत्ताराम नवीन नोकरीला लागला होता. त्याने कुणा डॉक्टरकडून ऐकलेलं येऊन सांगितलं होतं की बेळगावला न्या, पाय सरळ होतात. तेव्हा तिसरं कुणी देवळात नव्हतं. लवूने पाकळ्या भिजवल्या.

त्या वेळी त्याला अंगठ्याचं शास्त्र माहीत नव्हतं, असं सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. माहीत होतं. बापानेच मरताना दाखवलं होतं, आणि सांगितलं होतं, "ह्या कळाक होया, पण करूचा नाय. आणि सोताच्या कामासाठी तर मेलंस तरी नाय." लवू तेव्हा तिशीचा होता आणि अतिशय प्रामाणिक होता. तो दोन्ही पाकळ्यांना सारखं पाणी लावून, सारखा दाब देऊन, हात मागे घेऊन उभा राहिला. इतका मागे, की स्वतःचा श्वाससुद्धा पाकळीला लागू नये.

डावी पडली.

एका कामाचा कौल वर्षातून एकदाच घ्यायचा, असा नियम. पुढच्या वर्षी त्याने परत लावला. परत डावी. तोपर्यंत शेवंती पावलांच्या कडांवर उभी राहायला शिकली होती. तिसऱ्या वर्षी रुक्मिणी म्हणाली, "आता इचारू नकोत." एवढंच. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. लवूच्या प्रामाणिकपणाचं गावात नाव होतं, आणि त्याची मुलगी पायांच्या कडांवर चालत रोज त्या देवाला फुलं आणायची.

"बोल मां," हौसाबाई म्हणाली. "तोंडात काय पान आसा?"

लवूने उंबऱ्यावरून सुगंधाच्या पदराकडे बघितलं. पोर जागं होतं. एक पाऊल पदराबाहेर आलं होतं.

खरं सांगायचं तर शेवंतीला डावा कौल पडला होता. ते सांगितलं की हौसाबाई म्हणणार, तेच पाय, तोच देव, तिका डावो आणि हिका उजवो कसो? मग दोनातलं एक खोटं. आणि पोर परत घरी जाणार, अंगारा लावून पडून राहायला. त्याहून खरं सांगायचं तर अंगठा दाखवावा लागणार होता. मग विमलाचा मुलगा, घाटावरची बहिरी पोर, राधाबाईची नात, सगळ्यांचे कौल खोटे ठरणार. आणि यापुढे मागच्या खोल्यांतून एकही पोर बाहेर निघणार नव्हतं. दत्तारामने कितीही सायकल मारली तरी नाही.

"उजवोच दिल्लो," लवू म्हणाला.

"काय?"

"देवान उजवोच दिल्लो. शेवंतीक सुदीक. बेळगावाक न्हे म्हणान सांगलेला. मीच न्हेवक नाय."

"कित्याक?"

हे कारण त्याने तयार ठेवलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याने कारण आधी तयार ठेवावं. पण लवूची सवय अंगठ्याची होती, तोंडाची नव्हती. त्याने हाताला लागलं ते उचललं.

"चेडूच तर आसा, म्हटलंय."

वर वाशावर बसलेलं कबुतर उडून बाहेर गेलं.

गेले चाळीस दिवस हौसाबाईच्याही मनात नेमकं हेच वाक्य बसून होतं. 'चेडूच तर आसा'; मुलगीच तर आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते तिला फार वाईट वाटलं.

"रुक्मिणी," ती वळली. "ह्या खरा?"

रुक्मिणीने हातातली समई खाली ठेवली. पंधरा वर्षांपूर्वी गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून पाकळी पडताना बघणारी ती एकटीच होती. ती काय म्हणेल हे लवूला खरोखरच माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात एखादी गोष्ट माहीत नसणं ही त्याला नवलाची गोष्ट वाटली. तीही अशा वेळी वाटली, जेव्हा नवल करायला सवड नव्हती.

रुक्मिणीने नवऱ्याकडे बघितलं. मग सुगंधाच्या पदराबाहेर आलेल्या त्या पावलाकडे बघितलं.

"खरा," ती म्हणाली. "मी सांगी होतंय, न्हेवा म्हणान. ह्येनी आयकूक नाय."

आणि तिने समई परत घासायला घेतली.

"जळ्ळी तुझी अक्कल ती!" हौसाबाई कडाडली. "देवाची पूजा करतंस आणि देवाचाच आयकनस नाय? माणूस मां तू? खंयचो बापूस तू? आणि लोकांच्या पोरांका घाटार धाडतंस! लाज नाय वाटणा?"

"वाटता," लवू म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

"सोताच्या चेडवाक वाकड्या पायांनी फुलां काढूक लायतंस!"

"व्हय."

"व्हय काय? व्हय काय म्हणतंस?" हौसाबाईला भांडणात समोरच्याने कबुली दिलेली आवडत नसे, भांडण बसून जातं. तिने लवूचा नाद सोडला आणि तरातरा कोपऱ्यात शेवंतीपाशी गेली. खाली उकिडवी बसली. "बाय, जरा दाखय गो. पाय दाखय."

शेवंतीने ओवत होती तेवढं फूल पूर्ण ओवलं. सुई हारात खोचली. मग परकर गुडघ्यापर्यंत वर घेऊन दोन्ही पाय पुढे केले; बाजारात काकडी दाखवतात तसे, घ्या नाहीतर ठेवा. पावलांच्या बाहेरच्या कडा चालून चालून काळ्या, जाड, शिंगासारख्या झाल्या होत्या. एका घोट्याला भेग पडून त्यात हळद भरलेली होती. तळवे मात्र गुलाबी, मऊ. त्यांना जमीन कधी लागलीच नव्हती.

सुगंधा पुढे आली. तिने बघितलं आणि पोराचं उघडं पाऊल मुठीत धरलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच ती सासूच्या आधी बोलली.

"सोमवारची गाडी किती वाजता सुटता?"

"सव्वासाक," लवू म्हणाला. "तिठ्यार उबी ऱ्हवा. सावंतवाडीक बदलूची. आंबोलीत थंडी आसता, गोधडी घेवा. स्टँडासमोर चायचा दुकान आसा…"

"ता सगळा माका सांग," हौसाबाई म्हणाली. ती उठली होती आणि डोळे पदराने पुसत होती, धूर लागल्यासारखे. "मी जातलंय वांगडा. हिका काय कळता बेळगावचा? आणि तू, लवू, ह्या माझ्या मनातसून जावचा नाय हां. सगळ्या गावाक सांगतलंय मी. गुरवान देवाचा आयकूक नाय म्हणान चेडवाचे पाय असे झाले. सगळ्यांका कळांदे. परत कोण देवाचो कौल मोडूचो नाय."

"सांगा," लवू म्हणाला.

ती सांगणार होती यात शंकाच नव्हती. मधल्या वाडीत, तिठ्यावर, कुडाळच्या बाजारात, बेळगावच्या गाडीत. महिनाभरात तालुक्याला कळणार होतं की आडोळीचा लवू गुरव हा मुलगी म्हणून पोर पांगळं ठेवणारा बाप आहे. आणि त्यामुळे कौल मोडण्याची भीती लोकांत इतकी बसणार होती, की दत्तारामचं काम पुढची दहा वर्षं सोपं होणार होतं. सरकारला एवढ्या स्वस्तात प्रचार कधी साधला नव्हता.

त्या गेल्या. पायऱ्यांवरून हौसाबाईचा आवाज बराच वेळ येत होता. ती सुगंधाला पोर कसं धरायचं ते शिकवत होती.

रुक्मिणीने घासलेल्या समया ओळीने उन्हात ठेवल्या. पदराला हात पुसले. जाताना ती लवूच्या जवळून गेली, पण थांबली नाही.

"जेवक येवा वेळेर," ती म्हणाली, आणि घराकडे गेली.

सभामंडपात लवू आणि शेवंती राहिली. शेवंतीने परकर खाली घेतला होता आणि हार परत ओवायला घेतला होता. लवू खांबाला टेकून बसला.

मुलीला काय सांगायचं याचा त्याने विचार केला. खरं सांगितलं, तर ते असं होतं की देवाने नको म्हटलं आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं आणि ऐकलं. पुढे दुसऱ्यांच्या पोरांसाठी ऐकलं नाही, तुझ्यासाठी मात्र ऐकलं. मघाचं खोटं असं होतं की देवाने हो म्हटलं आणि मी ऐकलं नाही. कितीही उलटंपालटं करून बघितलं तरी दोन्हींच्या शेवटी तेच पाय होते.

"शेवंती," तो म्हणाला.

"हूं."

"मी मघाशी खोटा बोललंय."

"ठावक आसा."

"काय ठावक आसा?"

"डावो पडललो." तिने दोऱ्याला गाठ मारली आणि दातांनी तोडला. "दोनदा. मी धा वर्सांची आसताना आयेन सांगललान."

बाहेर समया उन्हात चमकत होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"आणि…" त्याने उजव्या हाताची मूठ मिटली, अंगठा आत घेऊन. "आणि दुसऱ्यांच्या पोरांचा?"

"ता पण. मी रोज हय बसतंय, बाबा. हयसून तुमचा कोपार दिसता. खंयच्या पाकळीर किती वेळ दाबतास ता कोपरावरसून कळता."

पाच वर्षं ती बघत होती. विमलाच्या मुलासाठी, बहिऱ्या पोरीसाठी, राधाबाईच्या नातीसाठी बापाचं कोपर किती वेळ स्थिर राहतं ते मोजत होती, आणि हार ओवत होती. तिच्या वेळी ते कोपर असं थांबलं नव्हतं.

"मगे तू कदी बोललंस कित्याक नाय?" लवूने हळूच विचारलं.

शेवंती उठली. भिंतीला हात धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, तिची नेहमीची रीत. तयार हार तिने ताटात ठेवला. ती पायांच्या कडांवर सावकाश त्याच्यापर्यंत चालत आली आणि समोर उभी राहिली. लवूने मान वर केली. आता ती जे काही म्हणेल ते ऐकून घ्यायचं, सगळं, आणि मध्ये बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं. पंधरा वर्षांचं होतं ते. बराच वेळ लागला तरी चालणार होता.

शेवंतीने त्याच्याकडे बघितलं. तिने परकर सारखा केला.

"बाबा, घरातला मीठ सरला हा," ती म्हणाली. "आज दुकानात तुमी जाशात? अर्दो शेर घेवा. आणि खडे बगून घेवा, गेल्या खेपेक त्यान माती घातलान."